क्लचचं काम नुसतं धरणं नव्हे

साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला अमेरिकेत बनलेल्या मसल कार आजही रस्त्यावर धावतात, आणि त्यांतल्या तीन पेडलांच्या गाड्यांना कधी ना कधी नवा क्लच लागतोच. तो निवडायची वेळ आली की मालकाला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो. इंजिनाची जेवढी हॉर्सपॉवर, तिच्या दुप्पट रेटिंगचा क्लच घ्या. प्रेशर प्लेट जितकी कडक तितकी चांगली. पेडल जड झालं तर होऊ दे, गाडी उचलताना थरथरली तर थरथरू दे. ताकद हवी तर किंमत मोजावीच लागते. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. क्लच एकदा स्लिप व्हायला लागला की गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तो उतरवण्याची मजुरी क्लचच्या किमतीशी स्पर्धा करते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि तपशिलात नव्हे, मुळातच चुकीचा आहे. क्लचला धरण्यापलीकडे काम नाही असं तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात रस्त्यावरची गाडी पूर्ण ताकदीने खेचली जाते ती दिवसातून काही सेकंद, आणि उभ्या जागेवरून उचलली जाते ती प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढावर, पार्किंगमधून बाहेर पडताना. म्हणजे या क्लचने दिवसभर करायचं काम आहे ते नीट सरकत जाऊन धरण्याचं. निवड त्याच कामासाठी व्हायला हवी. धरण्याची ताकद गरजेपुरती आणि वर थोडी राखीव असली की पुरे.

सुरुवात मापापासूनच करू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला कळतो तो टॉर्क, म्हणजे पिळा. हॉर्सपॉवर हा टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार आहे: फूट-पाउंडातला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. दोन्ही प्लेटा एकत्र फिरू लागल्या की त्या किती वेगाने फिरताहेत याच्याशी पकडीचा फारसा संबंध राहत नाही. त्यांना एकमेकींवरून घसरवू पाहणारा पिळा किती, एवढाच प्रश्न उरतो. १९७० सालच्या तीन गाड्या शेजारी उभ्या करून पाहा. शेव्हरले शेव्हेलच्या एलएस-६ इंजिनाची छापील ताकद ४५० हॉर्सपॉवर, टॉर्क ५०० फूट-पाउंड. ब्यूकच्या जीएस ४५५ ‘स्टेज वन’ची ताकद ३६० हॉर्सपॉवर, पण टॉर्क ५१० फूट-पाउंड. फोर्डच्या बॉस ३०२ मस्टँगची ताकद २९० आणि टॉर्कही २९०. हॉर्सपॉवर बघून क्लच घेणारा माणूस शेव्हेलला ब्यूकपेक्षा बराच मोठा क्लच लावेल, जेव्हा दोघींची गरज जवळजवळ सारखीच आहे, किंबहुना ब्यूकची केसभर जास्त. एलएस-६ चा ५०० फूट-पाउंडांचा पिळा ३६०० आरपीएमला येतो, म्हणजे क्लचवर सर्वांत जास्त ताण असतो त्या क्षणी इंजिन फक्त ३४३ हॉर्सपॉवर देत असतं. ज्या ४५० आकड्याचा दरारा आहे तो ५६०० आरपीएमचा, आणि तिथे पिळा ४२२ पर्यंत उतरलेला असतो. शिवाय हे सगळे आकडे जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीचे. त्या पद्धतीत गाडीतला पुरा एक्झॉस्ट आणि इंजिनावरची जोडसामग्री वगळून मोजणी होत असे; १९७२ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी ‘नेट’ पद्धत धरली आणि आकडे एकदम खाली आले. छापील आकडा धरून चालणाऱ्याने थोडी राखीव आधीच धरलेली असते. तिच्यावर पुन्हा दुप्पट करणं म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत न चाखता आणखी मूठभर मीठ टाकणं.

आता क्लच किती टॉर्क धरू शकतो ते पाहू. हिशेब चार आकड्यांचा आहे: लायनिंगचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. चारींचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. एकेरी प्लेटीला दोन पृष्ठभाग असतात, एक फ्लायव्हीलकडचा आणि एक प्रेशर प्लेटकडचा. साधी, काहीही ‘रेसिंग’ नसलेली ११ इंची प्लेट घ्या, आतला व्यास साडेसहा इंच. सरासरी त्रिज्या सुमारे ४.४ इंच. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.३ धरा आणि डायफ्रॅम प्रेशर प्लेटचा दाब २८०० पाउंड. गुणाकार येतो ६१० फूट-पाउंडांच्या आसपास. म्हणजे फॅक्टरीतून आलेल्या सर्वांत दांडग्या इंजिनांनासुद्धा हा साधा क्लच वीस टक्के राखीव ठेवून धरतो. तापल्यावर लायनिंगचा घर्षणांक उतरतो हे खरं आहे, तो ०.२५ पर्यंत आला तर हीच क्षमता ५१० होते, आणि मग राखीव जवळपास संपते. हा मुद्दा मी दडवत नाही, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्याशी जोडलेला आहे. क्लच तापू न देणं हे क्लच कडक करण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दुप्पट क्षमतेच्या बाजूने नेहमी सांगितलं जाणारं कारण म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीने निघताना क्लचवर पडणारा भार. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण गणित उलटं सांगतं. त्या शेव्हेलचं वजन चालकासकट सुमारे ४००० पाउंड. जोरात निघताना वजन मागे झुकतं. मागच्या चाकांवर २२०० पाउंड आले असं समजा. आजच्या चांगल्या रेडियल टायरची पकड ०.९ धरली तर टायर रस्त्याला सुमारे १९८० पाउंडांनी ढकलू शकतात, त्यापुढे ते जागच्या जागी फिरतात. मन्सी एम-२२ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.२०, डिफरन्शियल ३.३१ आणि चाकाची त्रिज्या १.१ फूट असेल, तर टायर सुटण्यासाठी क्लचमधून फक्त ३०० फूट-पाउंड जावे लागतात. इंजिनाकडे आहेत ५००. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये क्लच स्लिप व्हायच्या कितीतरी आधी टायर हात टेकतात. दुसऱ्या गिअरमध्ये ही मर्यादा ४०० च्या आसपास येते, तिसऱ्यात ५०० च्या जरा वर जाते, आणि चौथ्यात ६५० च्या पुढे. क्लचची खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये होते, जिथे टायर रस्ता सोडत नाहीत आणि इंजिनाचा सगळा पिळा क्लचनेच पेलायचा असतो. थकलेला क्लच ओळखायला जाणकार मेकॅनिक वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबतो, तो यामुळेच. आणि वरच्या गिअरमध्ये पेलायचा पिळा इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा जास्त असू शकत नाही. दुप्पट क्षमतेची गरज आहे असा एकही गिअर या हिशेबात सापडत नाही.

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणेल की हे स्थिर अवस्थेचं गणित झालं. क्लच झटकन सोडला की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही इंजिनाच्या टॉर्कमध्ये मिसळते, क्षणभर पिळा ५०० च्या बराच वर जातो, आणि टायर चिकट असतील तर साधा क्लच तिथे सरकेल. बरोबर आहे, सरकेल. प्रश्न असा आहे की त्या क्षणी त्याने सरकू नये असं आपल्याला का वाटावं? क्लच जितका पिळा धरू शकतो त्याहून जास्त पिळा त्याच्यातून पुढे जाऊच शकत नाही. क्लचची क्षमता ही गिअरबॉक्स, युनिव्हर्सल जॉइंट आणि मागचा अॅक्सल यांना बसू शकणाऱ्या धक्क्याची कमाल मर्यादा आहे. घरातल्या वायरिंगला फ्यूज असतो तसा. सहाशेचा क्लच धक्का सहाशेवर तोडतो आणि उरलेली ऊर्जा स्वतः उष्णतेच्या रूपात गिळतो. हजाराचा क्लच हजारापर्यंतचा धक्का निमूटपणे मागे पाठवतो, आणि मागे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचे गिअरचे दात बसलेले असतात. प्लेट बदलता येते. मूळचा एम-२२ किंवा त्या काळचा अॅक्सल फुटला तर त्याच्या तोलाचा दुसरा शोधत फिरावं लागतं. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार बांधणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. क्लचच्या बाबतीत मात्र तोच उद्योग ‘अपग्रेड’ म्हणून विकला जातो.

उष्णतेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हाफ क्लच ठाऊक असतो आणि त्यात निघणारा जळका वासही. इंजिन एका वेगाने फिरतंय आणि गाडी उभी आहे. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच सरकत राहतो. इंजिन स्थिर १५०० आरपीएमला ठेवून गाडी उचलली, तर वेग जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. लायनिंग कुठलंही असो. वरच्या शेव्हेलमध्ये २.२० चा पहिला गिअर आणि ३.३१ चं डिफरन्शियल असताना वेग जुळतो तो ताशी २६ किलोमीटरला, आणि क्लचमध्ये सुमारे ४७ किलोज्यूल उष्णता जाते. कपभर पाणी चहासाठी उकळायला जेवढी लागते तेवढी. प्रत्येक सिग्नलला एक कप. आता तिथेच २.८७ च्या पहिल्या गिअरचा आजचा पाच गिअरांचा ट्रेमेक गिअरबॉक्स आणि ३.७३ चं डिफरन्शियल बसवा. वेग ताशी १८ च्या आतच जुळतो आणि उष्णता २२ किलोज्यूलवर येते. निम्म्याहूनही कमी, कारण ती गिअर रेशोच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. क्लच वाचवण्यासाठी जे दोनशे-चारशे डॉलर कडक स्प्रिंग आणि महाग लायनिंगवर जातात, त्यांतला एकही डॉलर ही उष्णता कणभर कमी करत नाही. ती कमी होते गिअरिंगने, आणि चालकाच्या उजव्या पायाने. पंधराशेऐवजी हजार आरपीएमला गाडी उचलली तर उष्णता निम्म्याखाली जाते. पण हजार आरपीएमला गाडी अलगद उचलायची तर हळुवार धरणारा क्लच हवा, आणि नेमका तोच बाजारात ‘कमजोर’ म्हणून हिणवला जातो.

सिरॅमिक लायनिंगची वकिली इथेच कोसळते. तांबे, कांस्य किंवा लोखंडाची पूड सिरॅमिकबरोबर भाजून केलेल्या या चकत्यांचा घर्षणांक ०.४५ च्या घरात असतो आणि उष्णता त्या ऑरगॅनिकपेक्षा कितीतरी जास्त सोसतात. दोन्ही गुण खरे आहेत. पण उष्णता सोसणं वेगळं आणि ती कमी निर्माण करणं वेगळं. शिवाय या लायनिंगचं घर्षण सरकण्याच्या वेगाबरोबर बदलतं: जोरात सरकताना कमी, सरकणं थांबत आलं की एकदम जास्त. म्हणजे प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते, सेकंदाला कित्येक वेळा, आणि सगळी गाडी थरथरत पुढे जाते. चांगल्या ऑरगॅनिक प्लेटीत दोन लायनिंगांच्या मध्ये लाटेसारखी वाकवलेली पातळ पोलादी पट्टी असते. पेडल सोडताना ती हळूहळू दबते आणि पकड टप्प्याटप्प्याने वाढते. चार किंवा सहा चकत्यांच्या प्लेटीत बहुधा ही पट्टी नसते, आणि कधी कधी मध्यभागी धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगाही नसतात. मग चालक काय करतो? थरथर टाळायला आरपीएम वाढवून क्लच झटक्यात सोडतो. परिणामी जास्त उष्णता, जास्त धक्का, आणि फ्लायव्हीलवर निळे, कडक डाग. ज्या लायनिंगमुळे चालकाला चुकीच्या पद्धतीने गाडी उचलावी लागते, ते रस्त्यासाठी योग्य कसं म्हणायचं?

कडक स्प्रिंगचीही तीच गत. दाब वाढवला की क्षमता सरळ त्याच प्रमाणात वाढते, म्हणून तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण तो दाब सोडवायला लागणारा जोरही वाढतो, आणि तो फक्त डाव्या पायाला जाणवतो असं नाही. पेडल दाबलेलं असताना रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला पुढे रेटत असते, आणि तो रेटा क्रँकशाफ्टमार्फत शेवटी एकाच थ्रस्ट बेअरिंगवर येतो. जुन्या शेव्हरले व्ही-८ मध्ये ते सर्वांत मागच्या मेन बेअरिंगमध्ये आहे. लाल सिग्नलला गिअरमध्ये पेडल दाबून थांबलेली गाडी तेवढा वेळ आपलंच थ्रस्ट बेअरिंग खात असते. तारा, दांडे आणि फायरवॉलचा पत्रा वाकतो तो वेगळा. हायड्रॉलिक बसवून पेडल हलकं केलं तरी बेअरिंगवरचा रेटा तसाच राहतो, फक्त पायाला कळेनासा होतो. ‘पूर्वीचे लोक बोर्ग अँड बेकच्या तीन फिंगरांच्या प्रेशर प्लेटवर शर्यती जिंकत होते’ हा दाखला खरा आहे, पण तो शर्यतीचा आहे. तिच्या कॉइल स्प्रिंगा लायनिंग झिजत जाईल तशा सैल होतात आणि दाब कमी होतो. डायफ्रॅमचा दाब तेवढ्याच झिजेवर टिकतो, किंबहुना आधी थोडा वाढतो. डायफ्रॅमचं पेडल अर्ध्यानंतर हलकंही होतं. जुन्या सपाट फिंगरांच्या डायफ्रॅमवर एक आक्षेप वाजवी होता: जास्त आरपीएमला फिंगर आत अडकून पेडल वर येत नसे. पण जनरल मोटर्सच्या वाकवलेल्या फिंगरांच्या रचनेने तो केव्हाच निकालात काढला आहे. जड पेडल म्हणजे त्या काळाची अस्सल चव, असंही कुणी म्हणतं. चव म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. फक्त तिला अभियांत्रिकी म्हणू नये.

मग इंजिन खरोखरच फॅक्टरीच्या पलीकडचं असेल, सातशे फूट-पाउंड देणारं असेल, तर? तिथे एकेरी ऑरगॅनिक प्लेट पुरणार नाही, हे आधीच्याच गुणाकारावरून दिसतं. पण उत्तर त्याच गुणाकारात आहे, चौथ्या आकड्यात. दोन प्लेटांच्या क्लचमध्ये चार पृष्ठभाग होतात. साडेदहा इंची दोन ऑरगॅनिक प्लेटा, फक्त २००० पाउंड दाब, तरी क्षमता ८४० फूट-पाउंडांच्या घरात. पेडल मूळच्यापेक्षा हलकं, उष्णता शोषायला लोखंड जास्त, थरथर नाही. गॅरंटी देऊन गाडी विकणाऱ्या कंपन्यांनी काय केलं तेही पाहावं. २००८ च्या ६०० हॉर्सपॉवरच्या डॉज व्हायपरला आणि २००९ च्या ६३८ हॉर्सपॉवर, ६०४ फूट-पाउंडांच्या कॉर्व्हेट झेडआर-१ ला फॅक्टरीने दोन प्लेटांचे क्लच दिले. दुप्पट कडक स्प्रिंग लावून ग्राहकाच्या गुडघ्याची परीक्षा पाहिली नाही. या क्लचवरचे आक्षेप खरे आहेत: तो महाग असतो, पेडल दाबलेलं असताना मधली प्लेट खुळखुळते, आणि क्लचभोवतीच्या जुन्या बेलहाउसिंगमध्ये त्याची जाडी मापून बसवावी लागते. पण हे आक्षेप पैशाचे आणि मेहनतीचे आहेत. सातशे फूट-पाउंडांवर ज्याने खर्च केला आहे त्याने क्लचपाशी येऊन काटकसर आठवणं बरोबर नाही.

‘आमच्याकडे ऑरगॅनिक क्लच लावला आणि तो दोन महिन्यांत स्लिप झाला’ हा पुरावा वारंवार पुढे येतो. यातल्या कितीतरी क्लचांचा दोष लायनिंगचा नसतो. मागच्या मेन सीलमधून गळणारं तेल प्लेटीवर आलं की कुठलंही लायनिंग सरकतं. पेडलला मोकळी चाल ठेवली नाही की रिलीज बेअरिंग डायफ्रॅमला सतत टेकून राहते आणि दाब कधीच पूर्ण बसत नाही. नवी प्लेट पहिल्या पाचशे मैलांत शांतपणे घासून बसू दिली नाही तर तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बेलहाउसिंगचं केंद्र. क्रँकवर डायल गेज बसवून बेलहाउसिंगच्या भोकात फिरवला तर एकूण फरक ५ हजारांश इंचाच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका बसतो, प्लेट एका बाजूला घासते, गिअर अडकतात. यासाठी ७, १४ आणि २१ हजारांश इंच ऑफसेटच्या डॉवेल पिना मिळतात. त्यांची किंमत क्लचच्या तुलनेत काहीच नाही. हे न तपासता मोठा क्लच आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जाड आणि दणकट घ्यायचंच असेल तर ते फ्लायव्हील आणि बेलहाउसिंग घ्यावं. जुनं ओतीव लोखंडी फ्लायव्हील जास्त आरपीएमला फुटलं तर त्याचे तुकडे पत्रा आणि पाय दोन्ही फाडून जातात. एसएफआय प्रमाणित पोलादी फ्लायव्हील आणि पोलादी बेलहाउसिंग यांवरचा खर्च कधीच वाया जात नाही.

शर्यतीच्या ट्रॅकवर, गुळगुळीत रुंद स्लिक टायरांवर, पाच हजार आरपीएमला क्लच सोडणाऱ्या गाडीला हा लेख लागू नाही. तिथे क्लचचं आयुष्य वेगळ्या हिशेबाने मोजलं जातं. पण बाजारातला घोळ हा की तिथला माल ‘स्टेज थ्री’, ‘स्टेज फोर’ अशी नावं लावून रस्त्यावरच्या माणसाला विकला जातो. या ‘स्टेज’ला कुठलंच प्रमाणित माप नाही; एका कंपनीचा तिसरा दुसरीच्या दुसऱ्यापेक्षा सौम्य असू शकतो. म्हणून दुकानदाराने ‘किती हॉर्सपॉवर?’ विचारलं की उत्तर देण्याऐवजी उलट चार प्रश्न विचारावेत: दाब किती पाउंड, लायनिंग कशाचं आणि घर्षणांक किती, पट्ट्याचा आतला-बाहेरचा व्यास किती, पृष्ठभाग किती. चार आकडे मिळाले की गुणाकार कागदाच्या कपट्यावर होतो. तो आपल्या इंजिनाच्या टॉर्कपेक्षा वीस-तीस टक्के वर आला की थांबावं, आणि उरलेले पैसे गिअरिंगसाठी, फ्लायव्हीलसाठी ठेवावेत. आणि हे चार आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याने छापलेलं ‘१००० हॉर्सपॉवर’ हे मोठं रेटिंग डब्यावरच राहू द्यावं. गाडी डब्यावर चालत नाही.